गुरुवारची ओळ

सबमिशनच्या आठवड्यात मुलांचे प्रोग्रॅम तपासायला घेतले की मी आधी कॉमेंट्स वाचते. दोन तिरप्या रेघा ओढल्या की त्यांच्यापुढचं काहीही संगणक वाचत नाही. सबंध प्रोग्रॅममध्ये माणसाने माणसासाठी राखलेली तेवढीच जागा. तिथे बहुतेक वेळा कुठून तरी उचललेलं गुळगुळीत इंग्रजी असतं. पण रात्रीचे दोन वाजून गेलेले असतात, प्रोग्रॅम अडून बसलेला असतो, आणि मग रोमन अक्षरांत मराठी उमटायला लागतं. 'याला हात लावू नका, चालतंय.' 'इथे एक का वजा केलाय ते नंतर लिहितो.' 'ही ओळ काढली की सगळं बंद पडतं.'

अशी ओळ दिसली की माझी नजर तिथे रेंगाळते. बाकीचा प्रोग्रॅम तो काय करतो ते सांगत असतो; इथे मात्र आपल्याला काय उमगलेलं नाही, ते कुणीतरी प्रामाणिकपणे लिहून ठेवलेलं असतं. ओरलला मी त्या मुलाला मुद्दाम त्याच ओळीपाशी आणते. तो कावराबावरा होतो, आता मार्क जाणार असं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. मग हळूहळू बोलायला लागतो. आधी काय करून पाहिलं, कुठे बिनसलं, शेवटी एक वजा केल्यावर उत्तर कसं जुळलं. बोलता बोलता मध्येच थांबतो आणि म्हणतो, "मॅडम, यादी शून्यापासून मोजली जाते म्हणून!" हा क्षण मला फार प्रिय आहे. अख्ख्या सेमिस्टरमधलं खरं शिक्षण कधी कधी तेवढ्यातच झालेलं असतं.

सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग हा विषय मी पुण्यातल्या एका कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवत आले आहे. दरवर्षी नवी मुलं, नवा प्रोजेक्ट. ग्रुप पाडायचे, विषय ठरवायचा, कोऱ्या स्क्रीनपासून सुरुवात करायची, रिपोर्ट बाइंड करून आणायचा, एक्स्टर्नलसमोर प्रोग्रॅम चालवून दाखवायचा. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट संपला. तो पुन्हा कुणी उघडत नाही. हीच मुलं पुढे हिंजवडीला नाहीतर खराडीला रुजू होतात तेव्हा कोरी स्क्रीन त्यांच्या वाट्याला क्वचितच येते. वाट्याला येतो तो दुसऱ्याचा कोड. तो लिहिणारे कधीच सोडून गेलेले, काही तर निवृत्त झालेले. भेटायला आली की मुलं पडेल आवाजात सांगतात, "मॅडम, सपोर्टला टाकलंय." डेव्हलपमेंट मिळालेली मुलं भाग्यवान आणि सपोर्टवाली मागे राहिलेली, अशी एक उतरंड या गावात पक्की बसली आहे.

मला ती उतरंड मान्य नाही. या शहरातल्या किती घरांचे हप्ते दुसऱ्याचा कोड वाचून फिटले आहेत! 1990च्या दशकात, वर्षाचे दोनच आकडे साठवणारे प्रोग्रॅम 2000 साल उजाडताच गोंधळणार म्हणून जगभर धावपळ उडाली, तेव्हा परदेशातल्या बँकांचे आणि विमा कंपन्यांचे जुने कोबॉल प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासायला आपल्याकडची पोरं बसली होती. जो देश पाहिला नाही तिथल्या पेन्शनचे नियम त्यांनी कोडमधून वाचून काढले. 1981 साली पुण्यात सुरू झालेल्या टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात तर प्रोग्रॅम वाचून त्यांचं विश्लेषण करणारे प्रोग्रॅम वर्षानुवर्षं घडवले गेले. तरी आमच्या अभ्यासक्रमात मेंटेनन्स येतो तो शेवटच्या युनिटमध्ये, परीक्षा तोंडावर आलेली असताना.

वाचण्यावरून एक पान आठवतं. वॉटरफॉल मॉडेलची आकृती पेपरात हमखास येते. वरून खाली उतरत जाणाऱ्या चौकटी: गरजा, आराखडा, कोड, चाचणी. मुलं ती डोळे मिटूनही काढतील. ही आकृती जिथून आली असं सगळे सांगतात तो विन्स्टन रॉइस यांचा 1970 सालचा निबंध आहे. रॉइस अवकाशयानांच्या सॉफ्टवेअरवर काम केलेले गृहस्थ. त्यांनी ती आकृती काढली खरी, पण तिला लागूनच स्वच्छ लिहिलं की असं काम करणं धोक्याचं आहे, त्यातून अपयशच ओढवेल. पुढची पानं ते या रचनेत काय काय सुधारायला हवं, हेच सांगतात. आणि 'वॉटरफॉल' हा शब्द तर त्या निबंधात कुठेच नाही. दरवर्षी मी तेवढं पान झेरॉक्स करून वर्गात वाटते आणि मोठ्याने वाचायला लावते. वाचणारा त्या वाक्यापाशी आला की अडखळतो, मागे जाऊन पुन्हा वाचतो. आकृती पुस्तकामागून पुस्तकात उतरत गेली आणि तिच्या शेजारचा मजकूर वाटेतच राहिला.

एखादी गोष्ट पुढे जाते आणि तिच्यामागचं कारण मागे राहतं. माझ्या शिकवण्याचा आणि संशोधनाचा सगळा गुंता या एका जागी येऊन बसतो.

काही वर्षांपूर्वी ठरवलं, एका बॅचला कोरी स्क्रीन द्यायचीच नाही. एका जुन्या विद्यार्थ्याच्या गावी, सांगली जिल्ह्यात, छोटी पतसंस्था आहे. तिचा 90च्या दशकातला फॉक्सप्रोमधला प्रोग्रॅम आणि त्यावरून पुढे बनवून घेतलेला नवा प्रोग्रॅम, असे दोन्ही मिळाले. चिटणीसांनी खातेदारांची सगळी माहिती काढून टाकून नुसता कोड दिला. मुलांना सांगितलं, काहीही लिहायचं नाही, फक्त वाचायचं, आणि प्रत्येक ओळ का आहे ते सांगायचं. पहिले पंधरा दिवस मुलं नाराज होती. वाचणं हे काम आहे, असं त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

फॉक्सप्रोचा तो कोड मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. सगळी अक्षरं कॅपिटल, व्हेरिएबलची नावं आखूड, पण समास सगळीकडे सारखा. लिहिणाऱ्याचा हात नेटका होता. व्याजाची आकारणी, शेअर्स, तारण कर्ज, सगळं हळूहळू उलगडत गेलं. मग पिग्मीच्या भागात एक अट लागली. एजंटांनी रोज दारोदार फिरून जमवलेली रक्कम जिथे खात्यावर चढते, तिथे लिहिलं होतं: तारखेचा वार पाच असेल आणि वेळ सकाळी अकराच्या आधीची असेल, तर तारखेतून एक वजा करा. फॉक्सप्रोत रविवार हा एक, म्हणजे पाच हा गुरुवार. गुरुवारी सकाळी भरलेले पैसे बुधवारच्या तारखेला जमा. शेजारी कॉमेंट नाही, काही नाही. मुलांनी तर्क लढवले. कुणी म्हणालं, चूक आहे. कुणी म्हणालं, कधीतरी चाचणीसाठी घातली आणि काढायची राहून गेली. एकाने तर दत्ताचा वार असल्याचा मुद्दा काढला आणि तो गंभीरपणे वहीत लिहूनही घेतला. नव्या प्रोग्रॅममध्ये पाहिलं, तर भाषा बदललेली, स्क्रीन बदललेला, पण ही अट जशीच्या तशी. दुसऱ्या कुणीतरी, न कळताच, ती उतरवून घेतली होती.

लिहिणाऱ्याचा पत्ता चिटणीसांकडे मिळाला. निवृत्त होऊन ते मुलाकडे कोथरूडला राहायला आले होते. चार-पाच मुलं आणि मी, असे त्यांच्या घरी गेलो. मुलांनी छापलेला कागद पुढे केला. काकांनी चष्मा पुसला, कागद लांब धरून वाचला, आणि क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "अहो, बुधवारी आमच्याकडे बाजार असतो."

मग त्यांनी सांगितलं. आठवडी बाजाराच्या दिवशी शेतकरी भाजी विकून मोकळा होतो तोवर अंधार पडतो. त्याच्या हातात पैसा असतो तो तेव्हाच, म्हणून पिग्मी एजंट त्या दिवशी रात्री आठ-नऊपर्यंत बाजारात फिरतात. तोवर संस्थेला कुलूप लागलेलं असतं. पैसे भरले जातात गुरुवारी सकाळी, पण खातेदाराच्या कार्डावर एजंटाने तारीख टाकलेली असते बुधवारची. "आणि कार्ड आणि खातं जुळलं नाही की माणूस भांडायला येत नाही हो, माणूस पैसे ठेवायचाच बंद होतो." हे वाक्य काका फार सावकाश बोलले. काकूंनी चहा आणला तेव्हा कागद टीपॉयवर पडला होता, आणि मुलं त्या एका ओळीकडे अशी पाहत होती की जणू तीत गॅसबत्तीचा उजेड, मेथीच्या जुड्या आणि चिल्लर मोजणारी बोटं दिसत असावीत. मला तरी दिसत होती.

पीटर नॉर हे डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ. मूळचे खगोलशास्त्राचे अभ्यासक. 1968 साली जर्मनीतल्या गार्मिश इथे 'सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग' हेच नाव देऊन जी परिषद भरली, तिच्या वृत्तान्ताचे ते एक संपादक होते. म्हणजे या विषयाच्या बारशाला हजर असलेले. 1985 साली त्यांनी एक छोटा निबंध लिहिला. त्यात ते म्हणतात, प्रोग्रॅम म्हणजे लिहिलेला मजकूर नव्हेच. प्रोग्रॅम म्हणजे तो घडवणाऱ्यांच्या मनात तयार झालेली जाण, व्यवहारातली कोणती गोष्ट कोडमध्ये कशी आणि का उतरली याची. ते उदाहरण देतात एका कंपायलरचं. एका गटाने तो बनवला, दुसऱ्या गटाने वाढवायला घेतला. सगळा कोड दिलेला, भरपूर कागदपत्रं दिलेली, शिवाय पहिला गट सल्ला द्यायला हजर. तरीही दुसऱ्या गटाने सुचवलेल्या भरी मूळ रचनेच्या अंगावर ठिगळासारख्या बसत. पहिल्या गटाला ते एका नजरेत कळे आणि त्याच रचनेत सहज बसणारा मार्ग ते लगेच दाखवत. पुढे तोही आधार सुटला आणि मूळ रचनेतली ताकद ठिगळांखाली हरवून गेली. तो निबंध मी कोथरूडहून आल्यावर पुन्हा वाचला, आणि या खेपेला त्यात मला काकांचा आवाज ऐकू आला.

गुरुवारची ओळ चुकून काढली गेली असती तर चारदोन गावांत कार्डं जुळली नसती. आरियान 5च्या बाबतीत किंमत फार मोठी होती. 4 जून 1996 रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून हे युरोपचं नवं रॉकेट पहिल्यांदाच उडालं, आणि चाळीस सेकंदांच्या आत वाट सोडून आकाशातच फुटलं. दिशा ओळखणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर जुन्या आरियान 4वरून आणलेलं होतं, तिथे ते वर्षानुवर्षं निर्धोक चाललेलं. त्यात एक मोठी दशांश संख्या सोळा बिटांच्या छोट्या जागेत भरली जात होती. जुन्या रॉकेटचा आडवा वेग बेताचा, म्हणून ती तिथे मावायची. नवं रॉकेट वेगवान, संख्या मावली नाही, यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणाही तेच सॉफ्टवेअर चालवत होती, ती तर काही क्षण आधीच बंद पडलेली. ज्या भागात हे घडलं त्या भागाचं उड्डाणानंतर आरियान 5ला कामच नव्हतं. आरियान 4मध्ये उलटी मोजणी अगदी शेवटी थांबवावी लागली तर पुन्हा लवकर सुरू करता यावी, म्हणून तो उड्डाणानंतरही चाळीसएक सेकंद चालू ठेवायची सोय होती. ती तशीच राहिली.

फ्रेंच गणितज्ञ झाक-लुई लिओन्स यांच्या समितीने याची चौकशी केली. तो अहवाल छोटा आहे आणि मी मुलांना तो पूर्ण वाचायला लावते. त्यात एक नोंद आहे. अशा सात संख्या होत्या. चार संख्यांना संरक्षण दिलं होतं आणि तीन संख्यांना, संगणकावरचा भार मर्यादेत राहावा म्हणून, जाणूनबुजून दिलं नव्हतं. या निर्णयामागचं कारण समितीला मूळ कोडमध्ये कुठेही लिहिलेलं सापडलं नाही. स्फोट, नुकसान, त्या रॉकेटवरचे चार शास्त्रीय उपग्रह, यांच्यापेक्षा मला ही नोंद जास्त लागते. कुणीतरी विचार केला होता, हिशेब मांडला होता, तो बरोबरही होता. फक्त तो ओळीसोबत पुढे गेला नाही.

माझं संशोधन म्हणतात ते हेच आहे. मोठमोठ्या मुक्त प्रकल्पांच्या कोडचा इतिहास गिटमध्ये साठलेला असतो. 2005 साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते साधन बनवलं तेव्हापासून कुठली ओळ कुणी, कधी, काय म्हणून बदलली याचा माग काढणं सोपं झालं. मी त्यात लिहिणारा निघून गेल्यावर त्याच्या फाइलींचं काय होतं, ते पाहते. काही फाइली दुसरं कुणीतरी अंगावर घेतं. काहींना मात्र कुणी हात लावत नाही. त्यांच्याभोवती नवा कोड उभा राहतो, त्यांना बाहेरून वळसे घालत जातो. आलेख काढला की या न शिवलेल्या जागा बेटांसारख्या वर येतात. आकडे इथवर आणून सोडतात. पुढे मात्र कुणाला तरी पत्र लिहावं लागतं, भेटावं लागतं, विचारावं लागतं. वापरातला प्रोग्रॅम बदलत राहिला नाही तर निरुपयोगी होत जातो आणि बदलत राहिला तर, मुद्दाम सावरला नाही तर, गुंतागुंतीचा होत जातो, हे मीर लेहमन यांनी 1970च्या दशकातच मांडून ठेवलं. या सावरण्याच्या कामाला आपण मान कधी देणार, हा प्रश्न मला सतावतो.

आपल्या परंपरेत तसा मान दिलेला आहे. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत नकला होत होत पाठ बिघडले होते. कुणाच्या हातून शब्द गळला होता, कुणी पदरच्या ओव्या घुसडल्या होत्या. नाथांनी ते सगळं निवडून बाजूला केलं. तोवर त्यांचं स्वतःचं एकनाथी भागवत लिहून झालं होतं. ओवी त्यांच्या हाताखालची होती, आणि ज्ञानेश्वरीत आपल्या चार ओव्या मिसळल्या असत्या तर कुणाला ओळखूही आल्या नसत्या. त्यांनी भर घातली नाही, आणि पुढे कुणी घालू नये अशी ताकीद शेवटी लिहून ठेवली. आपण लिहू शकतो म्हणून लिहायचं नाही, आधीच्याला काय म्हणायचं होतं ते समजून घेऊन तेवढंच स्वच्छ करायचं. दुसऱ्याचा कोड सांभाळायला बसणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे सांगते. सपोर्टला टाकलंय म्हणून मान खाली घालून आलेली मुलगी हे ऐकून जरा सावरून बसते, हे मी पाहिलं आहे.

आता लॅबमध्ये एआय आलं आहे. मुलं हवं ते इंग्रजीत, हल्ली मराठीतही, सांगतात आणि कोड भराभर उमटतो. बऱ्याचदा चांगला असतो. कॉमेंट्सही येतात, व्यवस्थित, प्रत्येक ओळ काय करते ते सांगणाऱ्या. 'हात लावू नका' मात्र कमी झालं आहे. ओरलला एखाद्या ओळीवर बोट ठेवून "हे का?" विचारलं, तर मूल आधी माझ्याकडे पाहतं आणि मग स्क्रीनकडे. नॉर ज्या जाणिवेबद्दल बोलत होते ती निदान सुरुवातीला तरी कुणाच्या तरी डोक्यात असायची. माणूस गेला की जायची. ती मुळात कुणाच्याच डोक्यात नसलेले हजारो ओळींचे प्रोग्रॅम उद्या चालू असतील, आणि कुठल्याशा पेन्शनरचे, खातेदाराचे पैसे त्यांच्यातून जात असतील. मला याची मनापासून काळजी वाटते. म्हणून मार्क आता मी प्रोग्रॅमला कमी आणि 'का'च्या उत्तराला जास्त देते. उत्तर कुणाला विचारून आणलं तरी चालेल, पण ते आपल्या तोंडाने सांगता आलं पाहिजे.

पतसंस्थेच्या कोडवर यंदाची बॅचही बसली आहे. मागच्या मुलांनी गुरुवारच्या ओळीशेजारी बाजाराची हकिगत लिहून ठेवली होती, त्यामुळे ती कळायला यांना वेळ लागला नाही. यांचा प्रश्न पुढचा आहे. आता एजंटांच्या हातात मशीन आहे, पैसे घेतल्या घेतल्या पावती निघते आणि नोंद तिथल्या तिथे होते. मग ही अट कशाला? काढूनच टाकू, असं निम्म्या ग्रुपचं म्हणणं. उरलेल्यांनी संस्थेत फोन लावला. तिथला क्लार्क म्हणाला, मशीन आहे, पण बाजारात गर्दी झाली की रेंज जाते, मग दोन-तीन जुने एजंट अजून वहीत लिहून घेतात आणि सकाळी येऊन भरतात. किती जण, किती वेळा, ते त्याला नीट सांगता येईना. शिवाय बाजाराची जागा बदलायचं ग्रामपंचायतीत चाललंय, असंही तो बोलून गेला.

लॅबमध्ये यावर दोन तास वाद झाला. शेवटी ठरलं की फोनवर हे कळायचं नाही. पुढच्या मंगळवारी रात्रीच्या एसटीने निघायचं आणि बुधवारी दिवसभर एजंटांबरोबर बाजारात फिरायचं. एका मुलीने काकांना फोन करून विचारलंय, तुम्ही याल का. ते म्हणाले, गुडघे साथ देतील तर येतो, पण परतीचं तिकीट गुरुवारी दुपारनंतरचं काढा.